तिकाच इचार, कोणाचा रगात प्याली ती

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप आला, तेव्हापासून तिथल्या काजूच्या बागांत गोचीड हा शब्द जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी फेब्रुवारीत मी तिथे गेले. पँट मोज्यांत खोचायची, पांढरं फ्लॅनेलचं कापड पालापाचोळ्यावरून ओढत न्यायचं आणि दर थोड्या पावलांनी उलटून बघायचं. तिळापेक्षा लहान, आठ पायांची पिल्लं त्याला चिकटलेली असत. चिमट्यानं उचलून जागच्या जागी अल्कोहोलमध्ये टाकत होते. विषाणूवर काम करायला पुण्याच्या एनआयव्हीसारखी (राष्ट्रीय विषाणू संस्था) कडेकोट प्रयोगशाळा लागते. मला फक्त गोचिडीचं शेवटचं जेवण शोधायचं होतं.

बागेतल्या काकी हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "बाय, तिकाच इचार, कोणाचा रगात प्याली ती."

विचारणं सोपं नव्हतं. माकडताप पसरवणारी गोचीड आयुष्यात तीनदाच जेवते: सहा पायांची अळी असताना, आठ पायांचं पिल्लू असताना आणि मोठी झाल्यावर. दर वेळी नवा प्राणी. म्हणजे माझ्या कापडावरच्या पिल्लाच्या पोटात होतं ते अळीपणी प्यायलेलं रक्त, काही महिने जुनं, बरंचसं पचलेलं. डास पकडला तर त्याच्या पोटात कालचं रक्त तरी सापडतं.

त्यातून सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, त्यामुळे डीएनए मिळतो तो थोड्याशा पांढऱ्या पेशींतून. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. म्हणून निकालांत पक्षी जास्त दिसले तर लगेच हुरळून जायचं नाही, हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. आम्ही मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा, १२एस नावाचा जनुक धरला. त्याच्या प्रती एका पेशीत शेकड्यांनी असतात आणि दीडशेएक अक्षरांचा तुकडा उरला तरी काम भागतं.

पहिल्या खेपेला पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीनं, वाढवलेला डीएनए जेलच्या थरावर चालवला, तेव्हा पट्टे इतके ठसठशीत आले की मी आनंदानं फोटो काढले. अनुक्रम वाचून आले, जेनबँक या डीएनए अनुक्रमांच्या जागतिक संग्रहाशी ताडून पाहिले. सगळे माणसाचे. नुसत्या पाण्याच्या नळीतसुद्धा माणूस! तो माणूस बहुधा मीच होते. रक्तातला हीम (त्याला लाल रंग देणारा घटक) पीसीआर अडवतो, नमुन्यात डीएनए नावाला, आणि माझ्या बोटांवर मात्र भरपूर.

मग सगळं पुन्हा. गोचीड आधी पातळ ब्लीचमध्ये बुडवून धुवायची, मग स्वच्छ पाण्यात. हातमोजे दुहेरी, पीसीआरची तयारी वेगळ्या खोलीत, दर तुकडीत एक रिकामी नळी. गायीच्या कानावरून काढलेली, टम्म फुगलेली एक गोचीडही सोबत ठेवली. तिच्यातून गाय निघाली तरच बाकीच्यांवर विश्वास. निघाली. माणसाचा डीएनए वाढू नये म्हणून अडवणारा प्रायमर, म्हणजे डीएनएचा एक छोटा तुकडा, तोही घातला. खरं माणसाचं रक्त असेल तर तेही असं निसटतं, ही खंत आहेच, पण माझ्या हातचा माणूस आणि गोचिडीच्या पोटातला माणूस वेगळे करायचा दुसरा रस्ता मला सापडला नाही.

बहुतेक पिल्लांनी काहीच सांगितलं नाही. जेल कोरं. ज्या मोजक्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकीत उंदीर होता. पण काळा उंदीर की रानातला त्याचा भाऊबंद, हे एवढ्याशा तुकड्यावरून ठरेना. रॅटस, म्हणजे उंदरांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव, एवढंच लिहून मार्गदर्शकांना दिलं. त्यांनीही पुढे काही जोडू दिलं नाही.

काकींना फोन केला. "उंदीर," मी म्हटलं.

"उंदीर? मगे माजा मांजार काय करता?"