फिर्यादीचं नाव

डेटिंग ॲपवरून भेटायला बोलावून लुटलेले गे पुरुष माझ्या ओळखीतच चार-पाच आहेत. पोलिसांत त्यांतला एकही गेला नाही. मी गेलो, आणि ती केस आता पुण्यातल्या कोर्टात उभी आहे. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितोय, त्यामुळे घटनेबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त.

घटना नेहमीच्याच पद्धतीची. प्रोफाइलवर एक जण, फ्लॅटवर चौघे. मारहाण, कपडे काढायला लावून मोबाईलवर शूटिंग, आणि यूपीआयने खात्यात होते नव्हते तेवढे पैसे. निघताना एकाने दम दिला, "पोलिसात गेलास तर तुझ्यावरच 377 लागेल." पोरगा फार तर वीस-एकवीसचा. 377 म्हणजे 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांमधले संमतीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले, तेव्हा हा शाळेत असणार. पण दम कसा द्यायचा ते त्याला पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर कायदा मला माहीत असूनही पोटात गोळा आलाच.

गंमत म्हणजे हा धंदा इंग्रजांनाही ठाऊक होता. जुन्या दंड संहितेत 388 आणि 389 अशी खंडणीची दोन कलमं होती. 377 चा आळ घेईन अशी भीती घालून पैसे उकळणाऱ्याला त्यांत जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती. म्हणजे 377 मुळे लोक नाडले जाणार हे ते लिहिणाऱ्यालाच कळत होतं! 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात 377 नाहीच. त्याबरोबर आणखीही एक गोष्ट गेली: पुरुषावर लैंगिक जबरदस्ती झाली तर लावायचं कलमच उरलं नाही. ट्रान्स व्यक्तीसाठी 2019 च्या कायद्याचं कलम 18 आहे, पण त्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. माझ्या बाबतीत तेवढ्यावर गेलं नाही, पण ज्यांच्या बाबतीत जातं त्यांना ठाण्यात काय सांगतात कोण जाणे.

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिकडून सांगितलं, मारहाण करून पैसे घेतलेत तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला तो साहजिक होता, फक्त आवाज सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा: "तिथं कशाला गेला होता?" बाकावर पासपोर्टच्या पडताळणीला आलेलं एक कुटुंब बसलं होतं. मी म्हटलं, साहेब, आत बसून सांगतो. त्यांनी कोरा कागद पुढे केला, "अर्ज लिहून द्या, चौकशी करतो."

इथे थांबायचं. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. खंडणी दखलपात्र गुन्हा आहे आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की तो नोंदवावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाने 2013 सालीच ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. मी भांडलो नाही. सोबत आलेला मित्र वकिली शिकलेला, त्याने शांतपणे एवढंच विचारलं की नोंदवणार नसाल तर तसं लिहून द्याल का, म्हणजे डीसीपींकडे जाता येईल. मग आतून एक पीएसआय मॅडम आल्या आणि त्यांच्या केबिनमध्ये माझा जबाब सुरू झाला.

जबाब तुमच्या तोंडचा असला तरी टाइप दुसरा कुणी करतो. हवालदारांनी लिहिलं, "अनैतिक संबंध ठेवण्याच्या उद्देशाने मी सदर ठिकाणी गेलो असता…" मी म्हटलं, हे मी बोललो नाही. "मग काय लिहू?" ॲपवर ओळख झाली, त्याने घरी बोलावलं म्हणून भेटायला गेलो, एवढंच लिहा. ते मॅडमकडे बघू लागले. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं, गुन्हा पैशाचा आहे. पुसा ते." ती ओळ पुसली जाईपर्यंत मी स्क्रीनकडे बघत उभा होतो. सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा. कंटाळा केलात तर दोन वर्षांनी उलटतपासणीत आरोपीचा वकील तेच वाक्य तुम्हाला वाचून दाखवेल.

दुसरी भानगड पत्त्याची. आधारवर माझा पत्ता गावचा, आणि गावी आई-बाबा. त्यांना यातलं काही माहीत नाही. राहता पत्ता पुण्याचा घाला, समन्स मोबाईलवर पाठवा, असं मी जबाबातच लिहून घेतलं. नव्या कायद्यात साक्षीदाराला तसं समन्स पाठवता येतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मला मित्रामुळे कळली. 2016 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकतात. कुणीही उघडून बघावा, वर फिर्यादीचं नाव. संवेदनशील गुन्हे वगळता येतात. पण ओळख गुप्त ठेवायची तरतूद बलात्काराच्या कलमांना आहे, खंडणीला नाही. माझ्या एफआयआरला न्याय संहितेची 308 (खंडणी), 115 (मारहाण), 127 (डांबून ठेवणं), 351 (धमकी) आणि आयटी ॲक्टचं 66 ई (खासगी चित्रण) लागलं होतं, म्हणजे संगणकाच्या लेखी साधी खंडणी. वगळायचा निर्णय एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. आम्ही त्याच रात्री अर्ज दिला: फिर्यादी समलिंगी आहे, एफआयआर वेबसाइटवर गेला तर ज्या भीतीवर आरोपींनी पैसे उकळले ती पोलिसांच्याच हातून खरी होईल. अर्ज मंजूर झाला. तोवर मी दर तासाला वेबसाइट उघडून बघत होतो.

मेडिकल सरकारी दवाखान्यात झालं. पोलिसांची यादी, म्हणजे दवाखान्याच्या नावे पत्र, घेऊन जायचं, डॉक्टर मारहाणीच्या खुणा लिहितात. त्यात विशेष काही नाही.

घटनास्थळाचा पंचनामा मात्र विसरणार नाही. पुन्हा त्याच खोलीत. पंच म्हणून खालचा चहावाला आणि शेजारच्या सोसायटीचा वॉचमन. मी मॅडमना हळूच विचारलं, यांना सगळं सांगायलाच पाहिजे का? त्या म्हणाल्या, "बोलावून मारलं आणि पैसे घेतले, एवढं पुरे." मग हवालदारांनी शूटिंगसाठी मोबाईल वर धरला, आणि त्या भिंतीपुढे पुन्हा कॅमेरा आपल्याकडे रोखलेला बघून मला बोलताच येईना. मॅडमनी शूटिंग थांबवलं, चहावाल्याला पाणी आणायला सांगितलं, नंतर परत सुरू केलं.

पुराव्याचं एक सांगतो. लुटणाऱ्याने तुम्हाला ब्लॉक केलं की ॲपवरचं चॅट गायब होऊ शकतं. म्हणून बाहेर पडल्या पडल्या स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग. पोलीस फोन जप्त करायचं म्हणत होते. त्यात इतर किती जणांचे फोटो, नंबर, ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नाही. मी चॅट पेन ड्राइव्हवर काढून, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडून दिलं आणि ते त्यांनी घेतलं. दर वेळी घेतील असं नाही. आरोपी सापडले ते चॅटवरून नाहीच, पैसे ज्या खात्यात गेले त्यावरून.

येरवड्याला ओळख परेड झाली, नायब तहसीलदारांसमोर. एकाच वयाची, एकाच बांध्याची पोरं ओळीत उभी. तिघांना ओळखलं. दम देणारा खाली मान घालून उभा होता.

दोषारोपपत्र गेलंय, आरोपी जामिनावर आहेत. ई-कोर्टच्या वेबसाइटवर खटला महाराष्ट्र शासन विरुद्ध ते, असा दिसतो. माझं नाव शीर्षकात नाही. अलीकडे त्यांचे वकील निरोप पाठवतात: सगळे पैसे परत देतो, मिटवून टाका. खंडणी खालच्या कोर्टात मिटत नाही, त्यासाठी हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो आणि फिर्यादीची संमती लागते. त्या याचिकेत फिर्यादी प्रतिवादी क्रमांक दोन असतो, पूर्ण नावानिशी, आणि हायकोर्टाचा आदेश नेटवर येतो. हे त्यांच्या वकिलांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. सही करणार नाही, असं कळवलंय.