पितळी फियाट, १:८ : पत्र्याची जाडी आणि दाराची फट

फियाट ११०० डी, म्हणजे पुढे जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं ती गाडी, धातूत बांधायची तर १:८ हे माप सगळ्यात सोयीचं. मूळ गाडी सुमारे ३९३० मिमी लांब, १४६० मिमी रुंद, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांत २३४० मिमी अंतर. आठने भागलं की ४९१, १८२.५ आणि २९२.५ मिमी. टेबलावर मावते, दारं खरोखर उघडतात, डॅशबोर्डवरचे काटेसुद्धा हाताने करता येतात. १:१२ मध्ये बिजागरीची पिन केसाएवढी होते आणि दार दोनदा उघडलं की वाकते.

पण आठने भागायचा नियम सगळ्याला लागत नाही, आणि मॉडेल बिघडतं ते नेमकं तिथेच. मूळ गाडीचा पत्रा ०.९ मिमीच्या आसपास धरला तर आठवा भाग होतो ०.११ मिमी. इतक्या पातळ पितळेला बोट लागलं तरी खळगा पडतो. म्हणून पत्रा घ्यायचा ०.५ मिमी, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबात ४ मिमी जाड. रंगाचंही तेच. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून ०.१ ते ०.१२ मिमीचा थर बसतो आणि तो कुठल्याही मापात तेवढाच राहतो. दाराची खरी फट ४ मिमी असेल तर मॉडेलवर ०.५ मिमी दिसली पाहिजे. फटीच्या दोन्ही कडांवर रंग चढणार, तो ०.२ ते ०.२५ मिमी खाणार. त्यामुळे उघड्या पितळेत फट ०.७५ मिमी ठेवावी लागते. त्या अवस्थेत ती बेढब रुंद दिसते. दिसू द्यावी. कच्च्या पितळेतच फट सुबक केली की रंगानंतर दार पहिल्यांदा उघडताना कडेचे पापुद्रे निघतात.

पत्र्याची जाडी लपवायला एकच उपाय आहे: जिथे कड उघडी दिसते तिथे ती आतल्या बाजूने कानशीने उतरती करायची. चाकावरच्या कमानी, दाराची खालची कड, बॉनेटची पुढची कड या तीन ठिकाणी कड ०.२ मिमीपर्यंत आणली की सगळी गाडीच पातळ पत्र्याची वाटते. बाकीची जाडी आत राहू द्यावी, ती ताकदीला लागते.

पुण्यात सामानाला तोटा नाही. बोहरी आळीत हत्यारं मिळतात. पितळ-तांब्याचा पत्रा वजनावर आणि गेजमध्ये विकला जातो. २६ गेज म्हणजे ०.४६ मिमी, २५ गेज ०.५१. मात्र दुकानात मायक्रोमीटर घेऊन जावं, कारण एकाच गेजच्या नावाखाली दोन जाड्यांचे पत्रे हाती पडू शकतात. ०.५ मिमी पितळेचा एक चौरस फूट सुमारे ४०० ग्रॅम भरतो. बॉडीला वाया जाणारा धरून चार चौरस फूट पुरतो, म्हणजे दीड किलोच्या थोडं वर. सोबत हेडलाइटभोवतीच्या आणि मडगार्डच्या खोल वळणांसाठी ०.६ मिमी तांब्याचा एखादा चौरस फूट घ्यावा. तांबं खोल ठोकून घेतं, पितळ तिथे फाटतं. सगळी बॉडी तांब्याची करू नये. दाराचा सपाट भाग तांब्यात केला तर पुसतानाही दबतो.

मापं पुस्तकावरून न घेता गाडीवरून घ्यावीत. ज्यांच्याकडे फियाट अजून जपलेली आहे, ते बहुधा आनंदाने मोजू देतात. फोटो १२ ते १५ मीटर लांबून, झूम लावून, कॅमेरा गाडीच्या अर्ध्या उंचीवर ठेवून काढावेत; जवळून काढलेल्या फोटोत पुढचं मडगार्ड फुगतं आणि डिकी आखडते. गाडीला टेकवून मीटरभराची पट्टी उभी करावी, म्हणजे फोटो मापात आणता येतो. खिशात लहान लोहचुंबक असावं. जुन्या गाडीवर जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टी भरलेली असते आणि तिथलं वळण कारखान्यातलं नसून गॅरेजमधलं असतं. डावी-उजवी दोन्ही बाजू मोजून, बरी असेल ती घ्यावी आणि दुसरी तिच्यावरून उलटी करावी.

साचा लाकडाचा. शिवणीचं लाकूड चांगलं, सागवान चालतं, एमडीएफ ठोक्यांनी कडेला भुगा होतो. साचा करताना पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करायची: गाडी १८२.५ मिमी रुंद हवी तर साचा १८१.५. हे विसरलं की बंपर आणि जाळी बसवताना कशाचाच मेळ लागत नाही, कारण ते भाग नकाशावरून बरोबर मापात केलेले असतात. दर ३० मिमीवर पुठ्ठ्याचा आडवा छेद कापून साच्यावर धरून पाहावा. मागचे छोटे उभे कल्ले, ज्यांच्या टोकाला टेललाइट बसतात, ते साच्यात धरू नयेत. ते वेगळे करून नंतर जोडावेत.

पितळ नरम करताना खोलीत उजेड कमी असावा. पत्रा मंद लालसर दिसला की ज्योत बाजूला घ्यायची. भर उन्हात तो रंग दिसत नाही, माणूस तापवत राहतो आणि पितळेचे कण मोठे होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. ती खरखर पॉलिशने जात नाही. तापवलेला पत्रा पाण्यात विझवून लिंबूफुलाच्या कोमट द्रावणात टाकावा, काळी पापडी सुटते. त्यात लोखंडी चिमटा बुडवू नये. पितळेवर तांब्याचा गुलाबी थर बसतो. ठोकताना आवाज ऐकावा. नरम पत्रा बद्द वाजतो, कडक होत आला की ठोका टणक आणि चढा वाजू लागतो. तिथेच थांबून पुन्हा नरम करावा, नाहीतर पुढच्या ठोक्यांत कड चिरते. आकार लाकडी हातोडीने आणायचा. मग पॉलिश केलेल्या लोखंडी हातोडीचे हलके, एकमेकांना लागून ठोके द्यायचे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम होताना पाहिलं की ठोक्यांची ही लय लगेच कळते. फरक एवढाच की भांड्यावर ठोके दिसायला हवे असतात, इथे शेवटी ते कानशीने आणि ४०० नंबरच्या पेपरने काढून टाकायचे.

दारं बॉडीतून कापून काढायची की वेगळी करायची? कापून काढलेल्या दाराचं वळण आपोआप जुळतं, पण करवतीच्या पात्याएवढीच फट मिळते आणि दाराला आतली घडी करायला पत्राच उरत नाही. दार वेगळं ठोकून करणंच बरं. कडा ३ मिमी आत वळवाव्यात, आतून ०.४ मिमीची चौकट डागावी (सोल्डर करावी), मग दार बॉडीच्या भोकात बसवून फट कानशीने घडवावी. फट तपासायला ०.७५ मिमीची पट्टी कापून ठेवावी आणि ती सगळीकडून सारख्याच जोरात सरकली पाहिजे.

बिजागरीत सगळ्यात जास्त चुका होतात. पिन दाराच्या फटीच्या बरोबर मागे, खोल आत बसवली तर दार उघडताना त्याची पुढची कड मडगार्डच्या कडेवर आपटते. पिनची रेघ बाहेरच्या पत्र्याच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणावी आणि फटीपेक्षा ४-५ मिमी पुढे, मडगार्डच्या आत ठेवावी. पिनपासून दारापर्यंत बगळ्याच्या मानेसारखा वळलेला हात द्यावा. म्हणजे उघडताना दाराची कड पुढे सरकता सरकता बाहेरही येते आणि मडगार्डला चुकवून जाते. १ मिमी बाहेरच्या व्यासाची पितळी नळी आणि आत ०.५ मिमी स्टीलची तार पुरते. वरची आणि खालची बिजागरी वेगवेगळी डागू नये. एकच लांब तार दोन्हींतून ओवून ठेवावी, डाग द्यावा, मग तार मधून कापावी. दोन पिना एका रेषेत नसल्या तर दार अर्ध्यात अडतं आणि जोर लावला की डाग सुटतो. डाग नळीत शिरू नये म्हणून तारेवर आणि नळीच्या तोंडाशी पेन्सिलीचं शिसं घासून ठेवावं किंवा व्हाइटनर लावावा.

डागांचा क्रम कागदावर लिहूनच ज्योत पेटवावी. आधी चांदीचा डाग, जो ६५० अंशांच्या आसपास वाहतो: चासिसचे सांधे, बिजागऱ्यांचे हात, क्रोम करायचे सगळे भाग. त्यानंतर ६०/४० कथलाचा डाग, जो १९० अंशांच्या आत वितळतो: बॉडीचे पत्रे, आतल्या चौकटी. उलट क्रमाने गेलं की पहिला सांधा दुसऱ्याच्या वेळी सुटून पडतो. जवळच्या सांध्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवली तर तो थंड राहतो. चांदीचा डाग घेताना कॅडमियम नसलेला मागावा, कॅडमियमचा धूर विषारी असतो.

झिंक क्लोराइडचं फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) पितळेवर छान चालतं, पण ते धुतलं नाही तर गाडीचा घात करतं. दोन पत्र्यांच्या जोडात ते दडून बसतं, आणि रंगानंतर काही महिन्यांनी जोडाच्या रेषेवर हिरवट फोड येतात. वरून पुसून भागत नाही. प्रत्येक दिवसाचं काम संपलं की भाग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घोळवावा, दात घासायच्या जुन्या ब्रशने जोड घासावेत, स्वच्छ पाण्यात उकळावा आणि वाळवावा. बंद पोकळी कुठे राहत असेल तर खालच्या बाजूला १ मिमीचं भोक पाडून ठेवावं, पाणी निघून जायला.

जाळी हाताने कापू नये, रसायनाने कोरावी. ०.३ मिमी पितळेवर दोन्ही बाजूंनी फोटोरेझिस्ट (उजेडाने नक्षी उमटणारा लेप), मग ४० अंशांवरचं फेरिक क्लोराइड. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मिळतं. रसायन खाली जाताना बाजूलाही खातं, म्हणून पट्टी पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद आखू नये आणि नकाशात ती दोन्ही कडांना थोडी फुगवून काढावी. पत्रा द्रावणात उभा ठेवून हलवत राहावं. आडवा ठेवला की गाळ साचतो आणि तिथलं कोरणं मागे पडतं. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतायचं नाही.

बंपर, जाळी, हँडल यांना निकेल चढवून वर क्रोम. भोसरीकडच्या लहान प्लेटिंगवाल्यांना एकेक भाग न देता सगळे एकदम, प्रत्येकाला तांब्याची तार बांधून द्यावेत. कथलाचा डाग असलेला भाग देऊ नये: डागावर थर नीट धरत नाही आणि शिसं टाकीत उतरतं, म्हणून प्लेटिंगवाले वैतागतात. ओरखडा प्लेटिंगखाली झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. पॉलिश आपणच हाताने, २००० नंबरपर्यंत करावं, कारण मोठ्या बफिंग चाकावर जाळीच्या पट्ट्यांच्या कडा गोल होऊन जातात. हेडलाइटच्या काचेला मनगटी घड्याळाची फुगीर काच उत्तम. ७ इंची हेडलाइटचा आठवा भाग २२ मिमी, आणि या मापाची काच घड्याळवाल्याकडे सापडते.

मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा हुबेहूब मापात आणि स्टीलमध्ये केल्या तर गाडी दगडासारखी बसते. माप आठपट लहान झालं की स्प्रिंगचा ताठरपणा आठव्या भागावर येतो, वजन मात्र ५१२व्या भागावर. म्हणजे मापाच्या मानाने स्प्रिंग आठपट ताठर पडते. काम करणारी पाटी एकच ठेवावी, तीही पातळ. जुन्या बाजारात मोडक्या भिंतीवरच्या घड्याळातली चावीची स्प्रिंग मिळाली तर तिचीच करावी. खालच्या पाट्या नुसत्या दिसायला, नरम पितळेच्या.

आतल्या सीटसाठी हातमोज्याचं पातळ चामडं, आतून घासून ०.४ मिमीवर आणलेलं. रेक्झिनचा दाणा या मापाला फार मोठा पडतो.

रंग पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्यावा. पावसाळ्यात लॅकर सुकताना हवेतलं पाणी थरावर बसतं आणि पांढरट झाक येते. रिटार्डर (सुकणं लांबवणाऱ्या) थिनरने ती कमी होते, जात नाही. पितळेवर साधा प्रायमर सुटून येतो, एच (etch, धातूला किंचित कोरून धरणारा) प्रायमर लागतोच. त्याआधी पत्रा ४०० नंबरने घासून थिनरने पुसल्यावर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. थर पातळ, तीन-चार, आणि दारं काढून वेगळी रंगवावीत, पण त्याच दिवशी, त्याच डब्यातून, बॉडीशेजारी गाडीत असतात तशीच उभी ठेवून. मेटॅलिक रंग आडव्या आणि उभ्या भागावर वेगळा दिसतो. अर्थात फियाटला साधा घट्ट रंगच शोभतो.

दारं परत बसवण्याआधी रंगाला दोन आठवडे द्यावेत. कोरडा वाटणारा रंग तोवर आतून मऊच असतो, आणि दाराच्या कडा मडगार्डला चिकटून बसतात. गाडी काचेच्या पेटीत ठेवायची तर पेटीचे जोड व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनने भरू नयेत. ती वाफ पितळेच्या उघड्या भागांना काळं करते. न्यूट्रल सिलिकॉन वापरावं. आणि चाकांवर वजन न ठेवता चासिसच्या खाली दोन ठोकळे द्यावेत, म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत.