वाचनालयाचा जुना संगणक आणि चौथं लिनक्स

रामबागेजवळच्या एका मराठी वाचनालयातून शनिवारी सकाळी निरोप आला. संगणकावर दीड वर्षात तीन वेगवेगळी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून झाली, एकही धड चाललं नाही, तेव्हा आता सगळ्यात हलकं असेल ते टाकून द्या. यंत्र इंदुरात अजून शेकड्यांनी दिसतं त्यातलंच : जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, डीडीआर२ रॅमच्या १ जीबीच्या दोन पट्ट्या, १६० जीबीची हार्ड डिस्क. काम एवढंच की पुस्तकांची नोंद कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची, वर्गणीच्या पावत्या छापायच्या आणि मेल बघायचे.

ग्रंथपाल ताईंनी तक्रार नेमकी सांगितली. "सकाळी बरा चालतो हो. अर्ध्या तासानं मुंगीसारखा होतो. आणि तारीख दरवेळी मागे गेलेली असते." निम्मं निदान या बोलण्यातच होतं. जड प्रणाली पहिल्या मिनिटापासून जड असते. अर्ध्या तासानं मंद होणारं यंत्र बहुतेक वेळा तापलेलं असतं.

डिस्कवरची प्रणाली बाजूला ठेवून पेनड्राइव्हवरूनच, काही न बसवता, लिनक्स चालू केलं आणि तापमान दाखवणारी सेन्सर्सची कमांड दिली. पंधरा मिनिटांत तापमान ९४ अंशांवर गेलं. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदींत ओळीमागून ओळ होती की तापमान मर्यादेबाहेर गेल्यानं प्रोसेसरचा वेग कमी केला आहे. झाकण उघडलं. या प्रोसेसरवरच्या कूलरला, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्याला, चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात; त्यातली एक सुटून कूलर एका कोपऱ्यात उचलला गेला होता. धूळ काढली, उष्णता कूलरकडे नेणारी, पण आता वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. खुंट्या समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या, आणि बोर्डाच्या मागून पाहायचं : पांढरी टोकं फाकलेली आणि त्यांच्या मधून काळी काडी बाहेर आलेली दिसली पाहिजे. नुसत्या 'टक्' आवाजावर विश्वास ठेवू नये, खुंटी पुन्हा सुटते ती इथेच. त्यानंतर दोन्ही कोअर पूर्ण राबवूनही तापमान ६० च्या आत राहिलं.

तारखेचं कारण म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ सेल. मीटरवर २.१ व्होल्ट दाखवत होता, नवा ३ च्या वर असतो; तो बदलला. रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जायचं. मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नाकारतो आणि एपीटी, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम बसवणारं साधन, म्हणतं की भांडाराची रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. 'लिनक्सवर नेट चालत नाही' या तक्रारीचं मूळ हेच होतं.

तिसरी गोष्ट डिस्क. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो स्मार्ट अहवाल ठेवते त्यात १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या पेंडिंग सेक्टरांच्या, २४ चा आकडा होता. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नाहीत, आधी माहिती काढून घ्यायची. डीडीरेस्क्यू या माहिती वाचवणाऱ्या साधनानं, काय वाचून झालं याची मॅप फाइल ठेवून, पूर्ण प्रत घेतली. नोंदवहीची फाइल शाबूत निघाली. मग जेल रोडवरून २४० जीबीची एसएसडी आणि २ जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या. या बोर्डाची साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, ३ गिगाबिटची आहे, म्हणून महाग एसएसडी घेण्यात अर्थ नाही. रॅम घेताना मात्र जपावं. स्वस्तातल्या काही डीडीआर२ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. इंटेलच्या बोर्डात बसतात, पण यंत्र सुरूच होत नाही. या बोर्डाची कमाल मर्यादा ४ जीबी, त्यामुळे त्यापुढे जाण्याचा प्रश्न नव्हता.

आता निवड. हलकेपणा लोक रिकाम्या डेस्कटॉपनं किती रॅम खाल्ली यावर मोजतात. एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई या दोन हलक्या डेस्कटॉपांमधला फरक ब्राउझरच्या एका टॅबमध्ये बुडून जातो. वाचनालयात संगणकाकडे पाहणारं जाणतं माणूस नसतं, म्हणून मी आधी सुरक्षा अद्यतनं किती वर्षं मिळणार हे बघतो. तीनांपैकी एक लिनक्स नऊ महिन्यांच्या मुदतीचं होतं. मुदत संपून त्याचं प्रोग्रॅमचं भांडार मूळ पत्त्यावरून हललं होतं. दुसरं रोलिंग, म्हणजे सतत नवं होत राहणाऱ्या पद्धतीचं, जे रोज वापरणाऱ्यासाठी ठीक. आठवड्यातून दोनदा चालू होणाऱ्या यंत्रावर अद्यतनांचा ढीग साचतो. तिसरं ३२ बिटी होतं, केवळ यंत्र जुनं म्हणून. हा प्रोसेसर ६४ बिटी आहे, आणि लिनक्सवर ३२ बिटी क्रोम २०१६ पासूनच मिळत नाही. अल्मा किंवा रॉकी ९ ही लिनक्स बाद, कारण त्यांना एक्स८६-६४-व्ही२ स्तराचा प्रोसेसर लागतो आणि त्या स्तराला लागणारा एसएसई ४.२ हा सूचनासंच कोअर २ मध्ये नाही. अँटीएक्स हे फार हलकं लिनक्स मला फार आवडतं, १ जीबीचं यंत्र असतं तर तेच टाकलं असतं. मिंट एक्सएफसीईही चाललं असतं. घेतलं डेबियन १३, एक्सएफसीईसह : ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं, नेहमीची अद्यतनं ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि दीर्घ मुदतीची जून २०३० पर्यंत.

बसवताना एक खोडा हमखास येतो. जुनं बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हला पहिली हार्ड डिस्क समजतं, आणि घाईत ग्रब, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम, पेनड्राइव्हवरच बसतो; तो काढला की यंत्र सुरू होत नाही. ग्रब कुठे टाकायचा हे विचारलं जातं तेव्हा नावापेक्षा डिस्कचा आकार वाचावा.

डेबियन १३ मध्ये टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर आता रॅममध्ये राहतं आणि निम्मी रॅम घेऊ शकतं. ४ जीबीवर हे नको, म्हणून टीएमपी डॉट माउंट हे युनिट सिस्टिमसीटीएल कमांडनं मास्क, म्हणजे कायमचं बंद, केलं. रॅममधली माहिती दाबून जागा वाचवणारं झेडरॅम टूल्स बसवून दाबण्याची पद्धत एलझेड४ आणि मर्यादा रॅमच्या ५० टक्के ठेवली. झेडएसटीडी ही पद्धत जास्त दाबते, पण या प्रोसेसरवर त्याचा भार जाणवतो. एक्सएफसीईचा कंपोझिटर, म्हणजे खिडक्यांच्या सावल्या-पारदर्शकता दाखवणारा भाग, बंद केला, तेव्हा खिडक्या सरकवताना होणारी ओढाताण थांबली.

प्रिंटर लेझरजेट १०२०. त्याच्या पोटात फर्मवेअर राहत नाही, चालू केला की दरवेळी संगणकाकडून घ्यावं लागतं. त्यासाठी एचपीलिप हा एचपीचा लिनक्सवरचा ड्रायव्हर आणि त्याच आवृत्तीचा प्लगइन लागतो. आवृत्ती जुळली नाही तर प्रिंटर ओळखला जातो, पण कागद ओढत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो नोंदवहीत. २०११ आधीच्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये होत्या आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसत होती. जुन्या डिस्कच्या प्रतीतून वाचनालयाच्याच विकत घेतलेल्या फाँटच्या फाइली काढल्या, होम फोल्डरमधल्या लपलेल्या लोकल-शेअर-फाँट्स या जागी ठेवल्या आणि फाँट कॅश नवी केली. अक्षरं परत आली. ताईंनी लगेच एक नाव शोधलं, मिळालं, आणि त्या दुसरं शोधू लागल्या. नव्या नोंदींसाठी मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला.

संध्याकाळी मेन स्विच बंद करून घड्याळाची परीक्षा रविवारभर ठेवली. सोमवारी ताईंचा फोन आला, तारीख बरोबर होती.