आजोबांचा पितळी स्टोव्ह: शेवटी निळी ज्योत मिळाली!

पंपाचा चामडी वॉशर खोबरेल तेलात भिजवून बसवल्यावर हवा मस्त टिकायला लागली, पण ज्योत पिवळीच आणि पातेल्याला काजळी, दोन आठवडे हेच. आधी वाटलं मी बर्नर नीट तापवत नाहीये, म्हणून स्पिरिट जास्त घातलं, काकडा जास्त वेळ धरला, तरी तेच. मग भिंगातून निपल (बर्नरमधली वाफ सोडणारी बारीक भोकाची टोपी) बघितलं तर पिन मारून मारून भोक चांगलंच मोठं झालेलं. म्हणजे रॉकेलची वाफ भसाभस बाहेर आणि तिला पुरेल एवढी हवा ओढलीच जात नव्हती.

रॉकेल म्हणजे बऱ्याच हायड्रोकार्बनचं मिश्रण, हिशोबाला मी त्यातलंच एक, डोडेकेन, धरतो:

२ सी१२एच२६ + ३७ ओ२ → २४ सीओ२ + २६ एच२ओ

म्हणजे १ ग्रॅम रॉकेलला साधारण साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन, हवेत मोजलं तर १५ ग्रॅम, जवळपास १२ लिटर! एवढी हवा ती बारीकशी धार स्वतःच खेचून घेते, पंखा नाही काही नाही. प्रायमस स्टोव्ह बनवणाऱ्या लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमाराला स्वीडनमध्ये हे जमवलं, खरंच कमाल माणूस. हवा कमी पडली की कार्बनचे कण अर्धवट राहतात, तापून पिवळे चमकतात आणि तळाला बसतात, सोबत कार्बन मोनॉक्साईडही होतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवूनच पेटवा, प्लीज.

काल जुन्या बाजारातून आणलेलं नवं निपल बसवलं, पंप मारला आणि फर्रर्र करून निळी गोल ज्योत!! १ लिटर पाणी २७ अंशांवरून उकळलं, स्टोव्ह आधी आणि गार झाल्यावर वजनकाट्यावर ठेवला, १७ ग्रॅम रॉकेल गेलं. उष्णतेचा हिशोब केला तर पाण्यात पोचली साधारण ४२ टक्के, बाकी भांड्याच्या कडेने वर. बाजूला पत्र्याची कड लावून परत मोजणार आहे.

आणि हो, गार पातेलं ठेवल्या ठेवल्या तळाला थेंब आले, आई म्हणाली भांडं गळतंय. गळत नव्हतं, ते रॉकेलमधल्या हायड्रोजनचं पाणी! १७ ग्रॅम रॉकेलमधून २३ ग्रॅम पाणी होतं, आईला वहीत आकडे मांडून दाखवले तेव्हा कुठे पटलं. तळ पुसला तर फडकं पांढरंच राहिलं.