जिलबी, चिकटपट्टी आणि कागदाचं अंथरूण

सापाच्या पेटीत चिकटपट्टी लावू नये. पारदर्शक नाही, इलेक्ट्रिशियनची काळी नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी तर नाहीच नाही. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून पेटी तपासा.

जिलबी म्हणजे आमची कॉर्न स्नेक. मादी, चारेक फूट लांब, पाठीवर नारिंगी-तांबडे ठिपके, पोटाला काळी-पांढरी चौकड. जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली आणि बिनविषारी. (सांगलीहून येणाऱ्या प्रत्येक व्हिडिओ कॉलवर हे नव्याने सांगावं लागतं.) आमच्या गावाकडे साप निघाला की सर्पमित्राला फोन, तो पकडून लांब सोडणार, की विषय मिटला. तिकडचे साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाईच आहे. इथे मँचेस्टरला कॉर्न स्नेकला परवाना लागत नाही. मात्र २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार त्याला इजा होऊ न देणं ही मालकाची जबाबदारी आहे. मुलाचा हट्ट, बायकोच्या अटी आणि घर बदलणारं एक ओळखीचं कुटुंब, असा योग जुळून आला आणि जिलबी पेटीसकट आमच्याकडे आली.

त्या पेटीत मागच्या भिंतीवर तापमापकाची वायर चिकटपट्टीने डकवलेली होती. वर पानांची प्लास्टिकची वेल, त्यामुळे पट्टी दिसायची नाही. उबेने तिचा गोंद सैल झाला, एक टोक सुटलं आणि जिलबी वेलीमागून जाताना ते टोक तिच्या अंगाला चिकटलं. साप अशा वेळी थांबत नाही, पीळ घालून पुढे रेटतो. मुलाने सकाळी हाक मारली तेव्हा पट्टी मधल्या अंगाला आडवी गुंडाळली गेली होती आणि जिलबी ती वायरीसकट ओढत होती.

इथे हात शिवशिवतात. खसकन ओढून काढावी वाटते. पण सापाचे खवले कौलांसारखे एकावर एक, मोकळी कड शेपटीकडे. शेपटीकडून डोक्याकडे ओढलं तर प्रत्येक खवला उचकटतो, खालची कातडीही सोबत येते. आम्ही आधी बोथट टोकाच्या कात्रीने वायर आणि लोंबणारी पट्टी कापून टाकली. मुलाने दोन्ही हातांवर तिचं वजन तोलून धरलं आणि मी स्वयंपाकाचं साधं तेल कानातल्या कापसाच्या काडीने पट्टीच्या कडेखाली सोडत गेलो. एक थेंब, थोडी वाट, मग काडी आडवी फिरवायची. गोंद विरघळून पांढरट, लिबलिबीत झाला की तेवढीच पट्टी डोक्याकडून शेपटीकडे, अंगाला जवळजवळ समांतर ठेवून सोडवायची. तेल नाकपुड्यांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. घाई केली असती तर वाट लागली असती. सगळी पट्टी निघाली तेव्हा माझी मान आखडली होती आणि जिलबी मुलाच्या मनगटाला घट्ट विळखा घालून बसली होती.

तरी एका जागी, वालाच्या दाण्याएवढ्या, खवले गेलेच. खाली ओली गुलाबी कातडी दिसत होती, रक्त नव्हतं. बाकी अंग कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसलं, जखम सलाईनने धुतली आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या दवाखान्यात फोन केला. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप तपासत नाही, त्यामुळे असा नंबर आधीच शोधून फ्रिजवर लावून ठेवावा.

डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न जखमेबद्दल नव्हताच. "गरम बाजूला किती तापमान आहे? कशाने मोजता?" साप स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. पेटी थंड असेल तर त्याची प्रतिकारशक्ती मंदावते, जखम भरायला फार वेळ लागतो आणि वरून लावलेलं मलम एकटं काय करणार! मी काचेवर डकवलेल्या तबकडीवरचा आकडा सांगितला. त्यावर त्या म्हणाल्या, तो काचेचा आकडा, सापाचा नव्हे. घरी येऊन डिजिटल तापमापकाची सळई साप जिथे बसतो तिथे ठेवली तर दोन्हींत चांगलाच फरक निघाला. गरम बाजू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि गार बाजू २३-२४, असं मग थर्मोस्टॅटवर, म्हणजे ऊब आपोआप आवरणाऱ्या यंत्रावर, बसवलं.

दवाखान्यात तिचं वजन झालं, तोंड उघडून पाहिलं, जखमेभोवती बोटाने दाबून पाहिलं. हे दाबून बघणं महत्त्वाचं, कारण सापाचा पू वाहत नाही. तो घट्ट गोळा होऊन कातडीखाली बसतो, वरून जखम कोरडी दिसते आणि आत काम चालू असतं. आमची जखम वरवरची निघाली. उपाय साधा होता: पॉव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पाण्यात इतकं पातळ करायचं की रंग फिक्या कोऱ्या चहाचा दिसेल, त्यात गॉज भिजवून जखमेवर काही मिनिटं धरायचा, टिपून कोरडं करायचं आणि सिल्व्हर सल्फाडायझिनच्या मलमाचा पातळ थर. मलम चिठ्ठीवरचं. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, फिनाईलच्या जातीतलं जंतुनाशक, यांतलं काही नको. माणसांची वेदनाशामक मिसळलेली मलमंही नकोत. एवढ्याशा जिवाला सुन्न करणाऱ्या औषधाची मात्रा सहज जास्त होते. हळदीचा फोन अपेक्षेप्रमाणे आला. आईला म्हटलं, जखमेत कसलीही पूड जाऊ द्यायची नाही अशी ताकीद आहे.

औषधापेक्षा पसारा पेटीचा झाला. लाकडाचा भुसा काढून खाली साधे किचन रोलचे कागद अंथरले, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत आणि ओल, रक्त, विष्ठा लगेच दिसेल. कागद घाण झाला की लगेच बदलायचा. बसून भिजता येईल असं मोठं भांडं काढून पिण्यापुरती वाटी ठेवली. हाताळणी बंद, फक्त औषधापुरती. उंदीर देणं थोडं पुढे ढकललं. आम्ही गोठवलेले उंदीर वितळवून देतो. जिवंत उंदीर सापाला चावतो, आणि त्या जखमा पट्टीच्या जखमेपेक्षा वाईट असतात.

कागदी काळात पेटी रिकामी झालीच होती, तेव्हा हाताने चाचपून काढली. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं. वेलीच्या देठातून तारेचं टोक बाहेर आलेलं. सजावटीच्या दगडाखाली गोंदाचा कडक, धारदार थेंब. दिव्याला जाळी नाही. हे शेवटचं मला सगळ्यात भीतिदायक वाटलं. साप भाजत असतानाही तापलेल्या जागेवरून वेळेत उठेलच असं नाही, म्हणून दिव्याला जाळी आणि उबेच्या प्रत्येक साधनाला थर्मोस्टॅट हवाच. वायर आता स्क्रूने बसवलेल्या क्लिपांत आहे. जड दगड भुश्यावर न ठेवता थेट तळावर टेकवला, नाहीतर खालून उकरत गेलेल्या सापावर तो बसतो. भुसा परत घालताना अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा घातला, देवदाराचा नाही, त्याच्या तेलाचा वास सापांना बाधतो.

घरात एक भांडण मात्र झालं. पाण्याची वाटी मी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतली. धडधाकट दिसणारा सापही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगून असू शकतो, तेव्हा बायको शंभर टक्के बरोबर होती. आता बाहेरच्या नळाखाली वेगळी बादली, वेगळा ब्रश, आणि जिलबीला हात लावला की साबण.

जखमेवर आधी तपकिरी खपली धरली. मग तिचे डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात टाकायची वेळ. जखमी सापाची कात लवकर येऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. कात निघाली, पण जखमेवरचा तुकडा तसाच चिकटून राहिला. तो नखाने सोलायचा नसतो. ओलसर शेवाळ भरलेला एक डबा, झाकणाला गुळगुळीत कडांचं भोक, एवढं पेटीत ठेवलं. तोवर खालची कातडी बंद झालेली होती, म्हणून ओल चालणार होती. तुकडा पुढच्या कातीबरोबर गेला. खाली नवे खवले आलेत, पण बारीक, वेडेवाकडे, रंगाने फिके. ते आता तसेच राहतील म्हणे.

पट्टी डोळ्यांवर किंवा तोंडावर चिकटली असेल, कातडी फाटून आतलं मांस दिसत असेल, भाजलेलं असेल किंवा जखमेभोवती सूज येत असेल, तर तेल आणि काडीच्या फंदात पडू नका. सापाला कापडी पिशवीत, पिशवी हवेची भोकं असलेल्या डब्यात, आणि गाडी सरळ दवाखान्याकडे.