तुम्ही विचारलंत म्हणून: मिशिगन हरलं तर माझं काय जातं?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना सहसा न चुकवणारे माझे मामा दर रविवारी फोनवर विचारतात, "अगं, चेंडू काखेत मारून पळतात, त्याला फुटबॉल म्हणायचं? आणि ते मिशिगन हरलं तर तुझं काय जातंय?" पुण्यातल्या मैत्रिणीही हेच विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हा अमेरिकन फुटबॉल; खेळ वेगळा आहे, नाव तेच आहे, दोन-तीन सामने पाहिले की डोळ्यांना सवय होते. दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल.

2024 च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत, ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात शिकायला आले. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि विद्यापीठाचं स्टेडियम 1,07,601 प्रेक्षकांचं, तेही 1927 सालचं. पहिल्या शनिवारी आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. पण गर्दीला मी भुलले नव्हते. मला धरलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याने, शेजारच्या ओहायो राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी सामना असतो तेव्हा. त्या आठवड्यात तिकडे कोलंबसला, त्यांच्या कॅम्पसवर, पाट्यांवरच्या 'एम' (म्हणजे मिशिगनच्या) अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारतात. हे ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मामा, याला आपण ईर्षा म्हणतो. आपल्याकडे पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांचा सामना असला की दोन दिवस आधीपासून पेठेत दुसरा विषय निघत नाही, तीच ही.

आणि या ईर्षेच्या मुळाशी सीमाप्रश्न आहे! कोल्हापूरच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 1835 मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायोने एकमेकांसमोर सशस्त्र माणसं उभी केली होती. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला बदल्यात उत्तरेकडचा मोठा भूभाग मिळाला. टोलेडो इथून तासाभरावर आहे. तिथे एकाच गल्लीत दोन्ही रंगांचे झेंडे दिसतात.

या दोन विद्यापीठांचा पहिला सामना 1897 चा, मिशिगनने 34-0 असा जिंकलेला. 1918 पासून तो दरवर्षी होतो; खंड पडला तो फक्त 2020 मध्ये, कोरोनामुळे. मला सगळ्यात आवडते ती 1969 ची गोष्ट. बो शेमबेक्लर हे ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज यांचे शिष्य, त्यांच्याच हाताखाली सहायक प्रशिक्षक राहिलेले. ते मिशिगनचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी गुरूच्या बलाढ्य संघाला त्यांनी 24-12 असं हरवलं. एका तालमीत घडलेला पैलवान दुसऱ्या तालमीचा वस्ताद होऊन समोर उभा राहावा, तसं. पुढे 1978 पर्यंत दोघे दरवर्षी एकमेकांसमोर आले.

हे सगळं टिकलं कारण भेट ठरलेली होती. ती ठरवते कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नेमाने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. आमची 'बिग टेन' 1896 ची, आसपासच्या राज्यांतल्या संघांची. आज नावात दहा असून संघ 18 आहेत, आणि 2024 पासून त्यात पार पॅसिफिक किनाऱ्यावरचे चार संघ आलेत. कारण टीव्हीचा पैसा. तिकडची जुनी 'पॅक-12' त्यात इतकी फुटली की मागे दोनच संघ उरले. स्टॅनफर्ड तर आता अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये खेळतं! याचा मला खरोखर राग येतो. करार करून सामना लावता येतो, ईर्षा लावता येत नाही. तिला शेजार लागतो, हरल्यावर सोमवारी ज्याला तोंड दाखवायचंय असा माणूस लागतो.

आमच्याच गटातल्या मिनेसोटा विद्यापीठाचं बघा. 1903 मध्ये तिथला सामना 6-6 असा बरोबरीत सुटला आणि मिशिगनवाले आपला पाण्याचा जग तिथेच विसरून आले. पुढे 1909 पासून तो मातीचा जग हीच या दोन संघांमधली ट्रॉफी आहे. पण गट एवढा फुगल्यावर हा सामना आता दरवर्षी होत नाही. सव्वाशे वर्षांची गोष्ट वेळापत्रकात बसत नाही, हे मला पटत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मिशिगनचा संघ यथातथाच होता, ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर. आम्ही त्यांच्या मैदानावर 13-10 असे जिंकलो. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर मी अनोळखी मुलींच्या गळ्यात पडून रडले. पुढच्या वर्षी सामना ॲन आर्बरला होता, मी स्टेडियममध्ये होते आणि आम्ही 27-9 असे हरलो. थंडीने बोटं बधिर झाली होती, तरी शेवटपर्यंत बसून राहिले.

त्या रात्री मामांचा फोन आला. या वेळी काय जातंय असं त्यांनी विचारलं नाही. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी कुठं हाय?"

"कोलंबसला," मी म्हटलं. "नोव्हेंबरात."