आठ दिवसाला फवारणी!

भोकरदनच्या बाजूला आज मिरचीच्या प्लॉटवर होतो. पानं वरच्या बाजूला वळलेली (याला इकडं बोकड्या म्हणतात), म्हणजे फुलकिडे, रस शोषणारी बारीक कीड. खाली वळली असती तर कोळी ही कीड धरली असती. काका वैतागलेले. "सायेब, आठ दिवसाला फवारतोय, तरी बोकड्या हटंना!" एकाच पंपात तीन औषधं. दुकानदारानं दिली, यांनी मारली.

फूल तळहातावर झटकलं, किडे पळताना दिसले. मग बांधावर बसून बोललो. हा किडा अंडी पानाच्या आत घालतो, कोषात जातो मातीत. फवारा तिथं पोचणार कसा? वर पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक मारत राहिलं की किडी खाणारे मित्रकीटक आधी मरतात.

"मंग फवारायचंच नाही का?" काकूंचा प्रश्न रास्त होता. फवारायचं, पण किडे मोजून आणि दर वेळी औषधाचा गट, म्हणजे ते किडा मारतं ती पद्धत, बदलून. त्याआधी पिकाच्या उंचीला निळे चिकट सापळे, कडेनं मक्याच्या ओळी, ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १०० लिटर पाणी करायचं. निंबोळ्या बांधावरच पडल्यात, फुकट. (फुकटच्या गोष्टीवर कुणाचा भरवसा बसत नाही, ते वेगळं.)

शेजारच्या वांग्यातले पोखरलेले शेंडे मात्र खुडून जाळलेले होते. कुणी सांगितलं म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "त्यात काय सांगायचंय?"